साडीने मोजलेले पाच किलोमीटर

मी एकदा चेन्नईहून सोलापूरला पळत निघालो होतो आणि गुलबर्गा मागे टाकून बराच पुढे पोचलो होतो. पाय तेवढे सगळा वेळ चेन्नईतल्याच पेरुंगुडी भागात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होते.

दोन हजारचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर रोज सकाळी एक नवी काचेची इमारत उगवलेली दिसायची. आदल्या संध्याकाळी त्याच जागी म्हशी बसलेल्या मी स्वतः पाहिल्यात, आणि त्यातल्या एकीला नंतर रिसेप्शनमध्येही पाहिल्यासारखं वाटतं, पण त्याची शपथ घेणार नाही. अशाच एका इमारतीत मी सॉफ्टवेअर तपासायचो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या चारचौघांत वाचून दाखवायच्या. माझ्या स्वभावाला याहून मानवणारं काम अजून निघालेलं नाही.

चौथ्या मजल्यावर कंपनीचं जिम होतं. तीन ट्रेडमिल, त्यातली मधली माझी. समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेपलीकडे पाणथळ, पाण्यात उभे पांढरे पक्षी आणि त्यांच्या मागे कचरा जळत असल्याचा निळसर धूर. एसी असा की दक्षिण ध्रुवावरच्या माणसाने स्वेटर मागावा. मी बटण दाबून वेग बारावर न्यायचो, पुढच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवायचो आणि त्या पक्ष्यांकडे बघत राहायचो. थोड्या वेळाने पट्ट्याची घरघर ऐकू येईनाशी व्हायची. पक्षी हलायचे नाहीत, मी हलायचो नाही, आणि तरी लाल आकडे पुढे सरकत राहायचे. पंचवीस मिनिटांत पाच किलोमीटर. रोज. ना घाम, ना धाप.

एवढे किलोमीटर वाया घालवणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात स्टेशन. रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून मी घराकडे निघालो. आरकोणम झालं, रेणीगुंटा झालं. कडप्पा आलं त्या दिवशी त्या गारठ्यातही मला ऊन लागलं. तुंगभद्रेचा पूल ओलांडताना खाली पाणी वाहतंय असा आवाज मी ऐकला. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं म्हणणारे म्हणोत. डिसेंबर लागला तेव्हा मी गुलबर्गा सोडून सोलापूरच्या वाटेला लागलो होतो आणि डोळे मिटले की आमच्या गल्लीतल्या चादरीच्या मागांचा खटखटाट कानावर यायला लागला होता.

याच सुमाराला शहरातल्या कंपन्यांची रिले शर्यत ठरली. पोंगलनंतरच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी, समुद्राकाठच्या रस्त्यावर. चार जणांचा संघ, प्रत्येकाने पाच किलोमीटर पळायचं. आमचा कॅप्टन म्हणजे माझाच टीम लीड, कोइमतूरकडचा, मोटारसायकलवेडा आणि सगळ्यांना ‘मच्चान’, म्हणजे दोस्ता, म्हणणारा माणूस. त्याने मेल पाठवून प्रत्येकाची वेळ मागवली. मी लिहिलं, पंचवीस मिनिटं. खाली तक्ताही जोडला. आमच्या कंपनीच्या भिंतींवर चित्रांऐवजी गुणवत्तेची प्रमाणपत्रं होती. तिथे रोजची नोंद असलेला तक्ता म्हणजे देवाचा शब्द. तिघे जण आधीच पक्के होते. चौथी जागा मला मिळाली, आणि हेल्पडेस्कवरच्या एका मुलीचं नाव खाली राखीवमध्ये गेलं.

ती तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यातली. कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. तिने लिहिलं होतं, अठ्ठावीस मिनिटं, कॉलेजच्या मातीच्या मैदानावर, पीटीच्या सरांच्या घड्याळात. ना तक्ता, ना लाल आकडा. कोण विचारतो?

नोटीस लागली त्या दुपारी कँटीनमध्ये मी तिच्यासमोर दहीभाताचं ताट घेऊन बसलो आणि मोठ्या मनाने सांगितलं की राखीव म्हणजेसुद्धा संघातच. आम्ही दोघं इंग्रजी आणि तमिळच्या खिचडीत बोलायचो. ती शांतपणे जेवत होती. मग तिने सहज सांगावं तसं सांगितलं की तिच्या वडिलांचं गावात सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. मुलीने लोकांसमोर पळावं हे त्यांना कधीच पटलं नाही. कॉलेजात ती तीन वर्षं पळाली, ते एकदाही आले नाहीत, विषयही काढला नाही. या खेपेला मात्र त्यांनी फोनवर आपणहून विचारलं होतं, शर्यत किती वाजता सुरू होते, आणि बसचं तिकीटही काढलं होतं.

“मग आता त्यांना काय सांगितलंस?” मी विचारलं.

“अजून काही नाही,” ती म्हणाली आणि ताट तिथेच सोडून उठली.

मला वाईट वाटलं. पण पंचवीस म्हणजे पंचवीस, त्याला मी तरी काय करणार, असं स्वतःला समजावत मी तिचा उरलेला पापडही खाल्ला.

मी राहायचो मैलापुरात, देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत, वरच्या खोलीत. घरमालक तंजावरकडचे मराठी. त्यांना मी मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. मामा एग्मोरहून सुटणाऱ्या गाड्यांचे गार्ड होते. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी जेवताना पानाकडे बघण्याआधी घड्याळाकडे बघायचे. त्यांचं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आणि वाटेत तमिळ बोलत आलेलं. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलत होतो म्हटलं तरी चालेल. इथे मी ते जरा सरळ करून लिहितोय.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी माझा पराक्रम सांगितला. पंचवीस मिनिटं सांगितली, गुलबर्गा सांगितलं, मुलीची गोष्टही सांगितली. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“पळतें तें यंत्र,” ते म्हणाले. “तूं कोठें पळतोस, अप्पा?”

मी म्हटलं, मामा, आकडा यंत्रावरच येतो, मी मनाने नाही लिहीत. त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा की गाडी किती वेगाने चालली आहे हे ड्रायव्हरला विचारून चालणारा गार्ड त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नाही. ड्रायव्हर समोरच्या काट्याकडे बघून सांगतो. गार्ड मागच्या डब्यात बसून रुळांचे सांधे मोजतो. चाक सांध्यावरून गेलं की खट्ट वाजतं. हातात घड्याळ, ओठांवर गणती. काटा खोटा बोलेल, सांधा कशाला बोलेल?

“तुझे सांधे मोजूं,” ते म्हणाले. “सेरी?” म्हणजे चालेल ना, एवढं तमिळ मला तोवर कळायला लागलं होतं.

तळ्याभोवतीच्या चार रस्त्यांची एक फेरी धरायची असं ठरलं. फेरीची लांबी मोजायला टेप हवी होती. मामांकडे होती ती शिंप्याची, दीड मीटरची. तिने मोजायचं तर पोंगल उलटून गेला असता. मामांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दोरीवर मामींची नऊवारी वाळत होती.

मामी आधी ऐकेनात. “माझें लुगडें सडकेवर? लोक काय म्हणतील?” शेवटी त्यांनी ट्रंकेतून एक जुनं, विटलेलं, नेसणं सोडून दिलेलं सुती लुगडं काढून दिलं आणि बजावलं की गोमय लागलं तर घरात आणायचं नाही.

शनिवारी दुपारी, दुकानं अर्धवट मिटून मैलापूर डुलक्या घेत असताना आम्ही निघालो. मामांनी एक पदर धरायचा, मी दुसरा. ताणायचं, खडूची रेघ मारायची, पुढे सरकायचं. विसाव्या साडीला एक पानवाला जागा झाला. त्याने शेजारच्याला उठवलं. पालिका रस्ता रुंद करणार, मोजणी सुरू झाली, अशी बातमी आमच्या पुढे धावली. मी थोडंही वाढवून सांगत नाही: आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुढच्या अख्ख्या रस्त्यावरच्या दुकानांच्या फळ्या, पाट्या, बाकडी आणि एक पोपटाचा पिंजरा आत गेला होता. पितळेची भांडी विकणारा एक म्हातारा तर हात जोडून मामांना म्हणाला की पायरी दादा-आजाच्या काळापासूनची आहे. मामांनी गंभीरपणे पायरी पाहिली आणि ‘राहूं दे’ म्हणून परवानगी दिली.

एकशे बावीस साड्या भरल्या. म्हणजे एक किलोमीटर आणि वर चार पावलं. पाच फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पळायचं ठरलं. मार्गळी महिना चालू होता. आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या मध्ये कुठेतरी बसणारा हा महिना. यात मैलापूर पहाटे झोपत नाही. कुठल्याशा देवळाच्या कर्ण्यातून भजन पाझरत होतं. हवेत कापूर, कॉफी आणि ओली माती. बाया कंदील, नाहीतर टॉर्च ठेवून दारापुढे वाकल्या होत्या आणि काळ्या सडकेवर तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, उमटत होते. काही परातीएवढे, काही अख्खा रस्ता व्यापून बसलेले, मधोमध भोपळ्याचं पिवळं फूल. चेन्नईत धुकं पडत नाही असं सगळे सांगतात. त्या दिवशी पडलं होतं. मामा कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले, अंगात जुना काळा कोट, हातात घड्याळ. त्यांनी खरोखर हिरवा झेंडा दाखवला.

मी निघालो आणि पहिल्या पन्नास पावलांत लक्षात आलं की इथे जमीन मागे जात नाही. तिला मागे ढकलावी लागते. ही साधी गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. हात कुठे ठेवायचे कळेना. समोर दांडा नाही. हवा दमट, ऊन पडण्याआधीच शर्ट अंगाला चिकटलेला. आणि कोलम. कोलमवर पाय देणाऱ्याला मैलापुरात कुठे जागा मिळेल? मी एकावरून उडी मारली, दुसऱ्याला वळसा घातला, तिसऱ्याच्या दोन ठिपक्यांमधून बोटांवर गेलो. बाया मान वर करून बघायच्या आणि पुन्हा रेघ ओढायला लागायच्या. दुसऱ्या फेरीत कोलम वाढले. तिसऱ्या फेरीत मला वाटायला लागलं की मी पळत नाहीच, एका मोठ्या पांढऱ्या नक्षीत अडकलोय आणि कुणीतरी वरून वाकून, चिमटीतून पीठ सोडत, मला हवं तिकडे वळवतंय. छातीत घण पडत होते. चौथ्या फेरीत एक गाय बराच वेळ माझ्या बरोबरीने चालली. चालली, पळाली नाही. हे मला मुद्दाम लिहायला हवं.

पाचवी संपली तेव्हा मी पितळेवाल्याच्या त्या पायरीवर आडवा झालो.

“सदतीस,” मामा म्हणाले. मग त्यांनी न्याय केला. कोलमांचं अर्धं मिनिट वजा, गाईचं काही नाही. साडेछत्तीस.

मी काय केलं असेन? तपासनीस जे करतो तेच. मोजमापावर संशय घेतला. घरी ओट्यावर बसून म्हटलं, साडी धुऊन धुऊन आटली असणार, नऊवार राहिलीच नसेल. हे मामींनी आतून ऐकलं. लुगड्यावरचा हा आरोप त्यांना फार लागला. त्या मला घेऊन तडक तळ्याजवळच्या कापडाच्या दुकानात गेल्या आणि लोखंडी गजाने ते मोजायला लावलं. नऊ वार भरून चार बोटं जास्तच निघालं. मामांनी तेवढ्याचा हिशेब करून माझ्या नावे दर फेरीला नऊ पावलं जास्त पळाल्याचं जमा धरलं.

सोमवारी मी जिममध्ये गेलो, यंत्र बारावर नेलं आणि पहिल्यांदाच दांड्यावरचे हात काढले. दीड मिनिट टिकलो. मग पट्ट्याने मला मागच्या भिंतीपर्यंत पोचवलं. तिथे बसल्या बसल्या मी पाहिलं, यंत्र चालूच होतं. पट्टा रिकामा फिरत होता आणि लाल आकडे तितक्याच शांतपणे वाढत होते. मी उठलो नाही. काचेबाहेर पक्षी उभे होते. पाच मिनिटांत मी नसलेला मी एक किलोमीटर सोलापूरच्या दिशेने पळालो, न दमता, न थांबता. मला त्याचा हेवा वाटला. कॅलरीसुद्धा जळल्या होत्या. यंत्र दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, सार, ते मोटरला सांगितलेला वेग दाखवतं, वर कोण आहे, टेकलाय का लटकलाय, त्याला काय कळतं.

आणि मी रोज दिवसभर काय करायचो? एखादा प्रोग्रामर म्हणाला, माझ्या मशीनवर तर नीट चालतंय, की मी चवताळून म्हणायचो, मग ग्राहकाला तुझ्या मांडीवर बसवू का? सहा महिने हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवत होतो आणि संध्याकाळी वर जाऊन दांडा धरत होतो.

तक्ता दुरुस्त केला. साडीच्या प्रमाणात किलोमीटर कापत मागे आलो. गुलबर्गा गेलं, वाडी गेलं, कृष्णा उलटी ओलांडली, रायचूर गेलं, तुंगभद्रा गेली, आणि मी गुंटकलच्या जरा पुढे एका माळावर येऊन उभा राहिलो. मागांचा खटखटाट एकदम बंद झाला. संध्याकाळी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “गुंटकलास जेवण बरें मिळे.”

आता उरली ती जागा. खरं सांगायचं तर मी दोन दिवस गप्प बसलो. ऑफिसात लोक मला ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणून हाक मारायला लागले होते. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं वाट करून द्यायची. मनात म्हणायचो, शर्यतीच्या दिवशी वारा पाठीवर असेल, रस्त्यावर कोलम नसतील, माणूस ऐनवेळी काय वाटेल ते करतो. आणि मग कँटीनमध्ये ती दिसायची, फोन कानाला लावून, वडिलांना बस कुठे उतरवते ते समजावत. शुक्रवारी नावं कायमची पाठवायची होती. बुधवारी मी कॅप्टनकडे गेलो आणि सांगितलं की माझी वेळ साडेछत्तीस मिनिटं आहे.

तो हसला. मी पुन्हा सांगितलं. तो आणखी हसला. मी साडी सांगितली, कोलम सांगितले, गाय सांगितली, पोपटाचा पिंजरा सांगितला. आजूबाजूचे लोक खुर्च्या सरकवून जवळ आले. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दन् शब्द खरं सांगत होतो आणि ती माझी सगळ्यात मोठी थाप ठरली. “मच्चान, तुला टेन्शन आलंय,” कॅप्टन डोळे पुसत म्हणाला, “आदल्या रात्री ओआरएस पी.”

मग मी हेल्पडेस्कवर गेलो. तिला सांगितलं की मी नाव काढून घेतोय, पायाचं काहीतरी कारण देतो, तू पळ. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मला दया नकोय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, दया नाही, माझी वेळच खोटी आहे.

“म्हणजे तुमच्या मशीनवर चालतं. एवढंच ना?” दिवसभर लोकांचे तक्रारीचे फोन घेणारी मुलगी, आमच्या तपासणीतून पास होऊन बाहेर बंद पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं पहिलं ओरडणं तिच्या कानात. “मग माझ्याबरोबर रस्त्यावर पळा. सगळ्यांसमोर. मी हरले तर अप्पांना सांगेन, येऊ नका.”

आता तुम्हीच बघा. मी जागा सोडायला गेलो होतो आणि मला तीच जागा टिकवायला पळायचं होतं. मुद्दाम हळू पळालो तर तिला कळलं असतं. म्हणजे जीव तोडून पळायचं आणि जीव तोडून पळूनही हरायचं. त्यातही, सांगायला लाज वाटते, मनाच्या एका कोपऱ्यात मला जिंकायचं होतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या पुढे, मोठ्या रस्त्याच्या कडेच्या गल्लीत जमलो. कॅप्टनने मोटारसायकलच्या मीटरवर अडीच किलोमीटर मोजून एका चहाच्या टपरीपाशी खूण केली, जाऊन यायचं. वीसेक लोक कॉफीचे कप घेऊन उभे होते. तिने अगदी साधे कॅनव्हासचे बूट घातले होते, केसांना गाठ. कॅप्टनने शिट्टी मारली.

मी पहिले तीनशे मीटर पुढे होतो. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि इथेच थांबलो आहे. आज पुढचंही सांगतो. मागून तिच्या पावलांचा आवाज आला, सारखा, हलका, कुणी तांदूळ निवडत असावं तसा. तो जवळ आला, माझ्या बाजूला आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कुणाकडेच पाहत नव्हती. चेहरा असा की झोपेत कुणी हसू आल्यावर ते दाबून धरावं. मग ती पुढे गेली, जोर न लावता, नदी पुलाखालून जाते तशी. तिच्या पाठीवर उजेड पडला. काचेच्या इमारती एकेक करून पेटत गेल्या आणि ती त्या उजेडात बारीक होत होत एका ठिपक्याएवढी राहिली. माझ्या कानात माझाच श्वास. पण काय सांगू, मला त्या क्षणी हरल्यासारखं वाटेना. रस्ता मी स्वतः मागे ढकलत होतो, एकेक पाऊल, आणि तो खरोखर मागे जात होता.

टपरीवरून परतताना ती मला समोरून भेटली. हात वर करून गेली.

तिची सत्तावीस मिनिटं आणि काही सेकंद. मी पोचलो तेव्हा कॉफीवाले लोक कामाला लागले होते. एकटा कॅप्टन मोटारसायकलवर बसून राहिला होता. “छत्तीस,” तो हळू आवाजात म्हणाला. मग थोडा विचार करून विचारलं, “म्हणजे ते साडीचं खरं होतं?”

मी म्हटलं, पोपटाचंही.

पोंगलनंतरच्या रविवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर सकाळी एवढी माणसं होती की समुद्राला मागे सरकायला सांगितलं असावं. मी कट्ट्याजवळ सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होतो आणि शेजारी तिचे वडील उभे होते. बसमधून थेट आलेले. लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी इस्त्रीची वेष्टी, हातात केळ्यांची फणी, नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा. माझं तमिळ ऐकून ते नम्रपणे मान हलवत होते. किती कळत होतं देव जाणे. शर्यतीबद्दल त्यांनी एकच विचारलं, तीही अशीच सगळ्यांसमोर पळणार का? मी म्हटलं, हो. त्यांनी केळी या हातातून त्या हातात घेतली.

तिसऱ्या गड्याकडून तिने काठी घेतली हे कर्ण्यावर कळलं. वडील पायांच्या बोटांवर उभे राहिले. लोंढा आला. पहिले दहा-पंधरा जण सुसाट गेले, मग एक घोळका, मग विरळ माणसं, मग अगदी मागचे, हाशहुश करत हसत येणारे. वडील त्या शेवटच्यांत तिला शोधत होते. एकेक चेहरा निरखत होते. रस्ता रिकामा होत चालला तसे ते घाबरले आणि माझा दंड धरून, धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, “तंबी, मुलगी नाही आली. पडली का कुठे?”

ती पहिल्या पंधरांतच गेली होती. मी तिला पाहिलं होतं, ओरडलोही होतो, सोलापुरी ओरडलो होतो. त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. तिथे ती असेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“अप्पा,” मी म्हटलं, “ती मघाच गेली. सगळ्यांत पुढे जे होते ना, त्यांच्यात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं, जिथे उन्हात आता कुणीच दिसत नव्हतं. केळी माझ्या हातात दिली. वेष्टी गुडघ्यांवर दुमडून घट्ट खोचली, चपला काढून दोन्ही हातांत घेतल्या आणि ते पळायला लागले. पन्नाशीचा, सायकली दुरुस्त करणारा माणूस, कट्ट्याच्या कडेकडेने, फुगेवाल्यांना, घोडेवाल्यांना, मक्याच्या गाड्यांना चुकवत. तिच्यासारखंच पाऊल, सारखं आणि हलकं. मीही पिशव्या तिथेच टाकून केळी घेऊन त्यांच्या मागे निघालो. खारा वारा तोंडावर येत होता आणि त्यांची वेष्टी पुढे पांढरी फडफडत होती; कधी दिसायची, कधी गर्दीत विरघळायची.

एका जागी ते क्षणभर थबकले, मागे वळले.

“अजून किती लांब?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. ते मान हलवून पुन्हा पळायला लागले.